यंत्राची लेखणी आणि आपली मुद्रा

देहू-आळंदी रस्त्यावर तळवडें नांवाचें गांव आहे. तेथें एके काळीं शेतें होतीं. आतां संगणकावर काम करणाऱ्या मंडळींच्या काचेच्या भिंतींच्या कचेऱ्या उभ्या आहेत. त्यांतल्याच एका कचेरींत माझ्या मेहुणीचा मुलगा नोकरीस आहे. यंत्रसामग्री घेणाऱ्या दूरदेशच्या गिऱ्हाइकांस पत्रें, अहवाल आणि वापराच्या सूचना लिहून पाठविणें हें त्याचें काम. दोन वर्षांपूर्वीपर्यंत हा सगळा मजकूर तो स्वतः लिही. आतां कृत्रिम बुद्धिमत्तेचें यंत्र मजकूर तयार करतें, तो वरून नजर फिरवितो, आणि खालीं त्याचें नांव जातें. मागल्या तुकाराम-बीजेस आम्ही दोघे देहूस गेलों होतों. दर्शनाच्या रांगेंत उभे असतांना त्यानें मला एक हकीकत सांगितली. त्याच्या एका अहवालांत कराराच्या एका कलमाचा हवाला दिलेला होता. गिऱ्हाइकानें विचारलें, हें कलम कोठें आहे? शोध घेतां असें कलम करारांत नव्हतेंच. यंत्रानें तें रचलें होतें, आणि तेंहि अशा ठाकठीक भाषेंत कीं, याची नजर त्यावरून घसरून गेली.

"वरिष्ठ रागावले, त्याचं कांहीं नाहीं," तो म्हणाला. "नोकरीची काळजी आहेच, काका. पण त्याहून वाईट वाटतं तें हें, कीं खालीं नांव माझं असतं आणि वरचं म्हणणं कोणाचं, तें मला सांगतां येत नाहीं. पांच वर्षं मी लिहितों आहें. आतां मी लिहितों कसा, तेंच मला आठवेनासं झालं आहे."

इतिहासाचा अभ्यासक नोकरीधंद्याविषयीं सल्ला देऊं लागला, तर शहाण्यांनीं त्याच्यापासून चार पावलें दूर राहावें. मीं त्याला त्या वेळीं कांहींच सांगितलें नाहीं. परंतु परततांना माझ्या मनांत आलें कीं, नांव आणि नांवावरचा मजकूर यांचें नातें काय, हा प्रश्न आम्ही ज्या गांवांत उभे होतों त्या गांवाइतका दुसऱ्या गांवानें क्वचितच भोगला असेल. ती कहाणी आज आपल्यापुढें ठेवतों.

आपल्या जुन्या संतकवींच्या पदांस शीर्षक नसे, मुखपृष्ठ नसे, प्रकाशक तर नसेच. पद एकाच्या तोंडून दुसऱ्याच्या तोंडीं जाई, आणि जातां जातां कर्ता कोठें तरी गळून पडे. म्हणून कर्त्यानें आपलें नांव शेवटच्या चरणांतच गुंफावें, अशी चाल पडली. नामदेवांचें 'नामा म्हणे', चोखोबांचें 'चोखा म्हणे'. एकनाथांनीं तर 'एका जनार्दनीं' असें म्हणून आपलें नांव गुरूच्या नांवास कायमचें बांधून टाकलें. या नांवास 'मुद्रा' म्हणतात. शब्द मूळचा शिक्क्याचा आहे. शिक्का उठला म्हणजे कागदाला जबाब कोणी द्यावयाचा, तें ठरलें.

तुकोबांस हा अर्थ कोणी शिकवावयास नको होता. घराणें वाण्याचें; गांवची महाजनकी घरांत; दुकान आणि सावकारी दोन्ही चालूं. खतावरील सही म्हणजे काय वस्तु आहे, हें त्यांनीं लहानपणापासून पाहिलेलें. पुढें १६२९ ते १६३१ या वर्षांचा घोर दुष्काळ आला. दुकान बसलें, पहिली बायको अन्नावांचून गेली. त्यानंतर सावकारीचीं खतें निम्मीं धाकट्या भावाला, कान्होबाला, देऊन आपल्या वांट्याचीं त्यांनीं इंद्रायणींत सोडलीं, अशी परंपरा आहे. या कथेंत औदार्य आहे, वैराग्य आहे, हें आपण सर्वजण ऐकत आलों. मला तिच्यांत आणखी एक गोष्ट दिसते. ज्या माणसानें दुसऱ्यांच्या सह्या पाण्यांत सोडल्या, त्यानें स्वतःची सही मात्र उरलेल्या आयुष्यांत हजारों वेळां घातली: 'तुका म्हणे'.

या 'म्हणे' शब्दाकडे थोडें थांबून पाहण्यासारखें आहे. मराठींत तो दोन परस्परविरोधी कामें करतो. 'तुका म्हणे' यांत म्हणणारा उभा आहे. त्याला गांठून विचारतां येतें, भांडतां येतें, आणि लोक खरोखरच भांडले. परंतु 'अमक्याची नोकरी गेली म्हणे', 'तमक्या गांवीं देव प्रगटला म्हणे' यांतील 'म्हणे' पाहा. येथें म्हणणारा कोणीच नाहीं. बातमी हवेंतून येते, आणि खोटी ठरली तर कान धरावयास कोणी सांपडत नाहीं. एकाच शब्दाच्या एका टोंकाला साक्षीदार आहे आणि दुसऱ्या टोंकाला अफवा.

तुकोबांच्या हयातींतच या मुद्रेची चोरी झाली. सालोमालो नांवाचा एक कीर्तनकार त्यांचे अभंग घेऊन, नांव काढून, तेथें आपलें नांव घालीत असे. 'प्रभात'च्या १९३६ सालच्या 'संत तुकाराम' चित्रपटांत हा सालोमालो अनेकांनीं पाहिला असेल; पण तो केवळ चित्रपटवाल्यांच्या कल्पनेंतला नव्हे, तुकोबांच्या अभंगांतच त्याचें नांव आलें आहे. विशेष असें कीं, तुकोबांचा राग शब्द चोरल्याबद्दल तितका दिसत नाहीं. ते शब्द आपले नव्हेतच, आपण केवळ हमाल, असें ते वारंवार सांगत. अनुभवावांचून म्हणणें, ही त्यांची तक्रार.

तुकोबा १६५० सालीं गेले. मग उलटी चोरी सुरू झाली. आतां लोक स्वतः रचून खालीं 'तुका म्हणे' घालूं लागले. बहुतेकांनीं तें भक्तीनें केलें असेल, कांहींनीं आपल्या मताला वजन यावें म्हणून. परिणाम मात्र एकच. वि. ल. भावे यांनीं संताजीच्या वह्यांवरून काढलेल्या गाथेंत तेराशेंच्या आसपास अभंग आहेत. १८६९ ते १८७३ या काळांत निघालेल्या 'इंदुप्रकाश'च्या प्रतींत ते साडेचार हजारांवर जातात. तुकाराम तात्या यांच्या १८८९ च्या आवृत्तींत आठ हजारांवर! कवि परलोकवासी झाल्यावर त्याची कविता अशी वाढत जावी, हें मोठें चमत्कारिक आहे. सगळेंच वाढीव खोटें असें मात्र समजूं नये. एकाच्या संग्रहांत नाहीं तें दुसऱ्याच्या संग्रहांत असूं शकतें. पण शैली इतकी परिचित झाली होती कीं ती हुबेहूब उचलतां येई, आणि वाचणाऱ्याला फरक कळत नसे. यंत्र यावयाच्या पुष्कळ आधींची ही गोष्ट आहे. उलट खुद्द कान्होबानें घरांतलें एवढें मोठें नांव वापरलें नाहीं. त्याची मुद्रा 'तुकयाबंधु'; आपण कोण आणि कोणाचे, इतकेंच सांगणारी.

आतां संताजीविषयीं. संताजी जगनाडे हा चाकणचा तेली. देहूपासून चाकण फार दूर नाहीं. दिवसां घाणा, आणि उरल्या वेळांत तुकोबांचे अभंग ऐकून वहींत उतरविणें, असा त्याचा क्रम सांगतात. कडूसचे गंगाराम मवाळ हे दुसरे लेखक. या दोघांस आपण 'टाळकरी' म्हणून ओळखतों. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें ते लेखनिक होते, म्हणजे दुसऱ्याचे शब्द कागदावर आणणें हें त्यांचें काम. माझ्या भाच्याचें जें काम आहे, त्याच्या फार लांबचें नव्हे. भाव्यांनीं १९१९-२० च्या सुमारास संताजीच्या वह्यांना 'अस्सल' हा शब्द लावला, त्याचें कारण असें कीं, संताजीनें समोर बसून ऐकलें होतें. तो विद्वान् नव्हता. पण म्हणणारा आणि लिहिणारा यांच्यामध्यें दुसरें कोणी नव्हतें, आणि ऐकलें त्याहून बरें करून लिहावें असा मोह त्याला झालेला दिसत नाहीं. तेल्याच्या हातचा हा कागद पुढें पंडितांस प्रमाण धरावा लागला. दुसऱ्याचे शब्द जन्मभर लिहून हा माणूस स्वतः पुसला गेला नाहीं. सुदुंबऱ्यास त्याची समाधि आहे, आणि घाण्यावरचे कांहीं अभंग त्याच्या स्वतःच्या नांवानें आजहि सांगितले जातात.

सगळेच लेखनिक संताजी नव्हते. पोट भरण्यासाठीं पोथ्यांच्या नकला करणारा लहिया हा निराळा माणूस. जुन्या पोथ्यांच्या अखेरीस या लहियांचे ठराविक श्लोक असतात. एकांत तो सांगतो कीं, पाठ, कंबर आणि मान मोडून हें लिहिलें आहे, तर पोथी जपा. तेलापासून, पाण्यापासून आणि मूर्खाच्या हातापासून तिचें रक्षण करा. तें वाचून आजहि मन द्रवतें. पण त्याच्या शेजारींच दुसरा श्लोक असतो: जसें पाहिलें तसें उतरविलें, शुद्ध असो, अशुद्ध असो, दोष माझा नाहीं. हा दुसरा श्लोक मला नेहमीं खटकत आला. श्रम माझे म्हणून सांगावयाचें, आणि चुकीची वेळ आली म्हणजे मी केवळ हात! माझ्या भाच्याच्या वरिष्ठांपुढें तो उभा राहिला तेव्हां हाच श्लोक त्याच्या ओठांवर आला होता, असें त्यानें मोकळेपणानें कबूल केलें.

पुढें छापखाना आला. मुंबईस गणपत कृष्णाजी नांवाच्या गृहस्थानें १८३१ सालीं पहिलें छापील पंचांग काढलें. हा माणूस अमेरिकन मिशनच्या छापखान्यांत नोकर होता. तेथें पाहून, शिकून, त्यानें स्वतःचें यंत्र उभें केलें. लोकांची तक्रार अशी कीं, छापण्याच्या शाईंत चरबी असते, तेव्हां अशा कागदाला सोंवळ्यांत हात कसा लावावा? गणपत कृष्णाजीनें वादविवाद केला नाहीं. त्यानें शाईंत तूप घातलें. यंत्र घ्यावयाचें, पण आपल्या लोकांचा धर्म ज्यानें बिघडेल तेवढें त्यांतून काढून टाकावयाचें, हा व्यवहार त्याला साधला. आज आपण या गोष्टीला हंसतों. मला वाटतें, हंसण्यापूर्वीं आपल्या यंत्रांतली चरबी कोणती, याचा शोध घेतलेला बरा.

युरोपांतहि असेंच झालें होतें. त्रिथेमियस नांवाच्या एका जर्मन मठाधिपतीनें १४९२ सालीं हस्तलेखनाची थोरवी गाणारा ग्रंथ लिहिला. आणि दोन वर्षांनीं तो छापून घेतला! यांत ढोंग नव्हतें. लिहितांना मनावर जो संस्कार होतो तो त्याला हवा होता, आणि प्रतीहि पुष्कळ हव्या होत्या.

'इंदुप्रकाश'ची गाथा निघाली तेव्हां काय झालें, तें पाहण्यासारखें आहे. मुंबई सरकारच्या साहाय्यानें विष्णु परशुरामशास्त्री पंडित आणि शंकर पांडुरंग पंडित यांनीं हें काम हातीं घेतलें. देहू, तळेगांव, कडूस आणि पंढरपूर येथील हस्तलिखितें त्यांनीं मिळविलीं व ताडून पाहिलीं. जुना लहिया एका पोथीवरून एक पोथी करी. चूक झाली तरी ती एकाच घरांत नांदे. यंत्र एका दिवसांत शेंकडों प्रती काढणार, म्हणजे चूकहि शेंकडों घरांत जाणार. म्हणून नक्कल स्वस्त झाली तसें तपासण्याचें काम महाग झालें. हाताचे श्रम गेले आणि डोळ्यांवर आले. मुद्रितें तपासणारा हा नवा धंदेवाईक याच सुमारास छापखान्यांतून वावरूं लागला. त्याचें नांव पुस्तकावर नसे, पण त्याच्यावांचून पुस्तक बाहेर पडत नसे. आणि संपादकांनीं आपलीं नांवें ग्रंथावर घातलीं. हस्तलिखितें अमुक, पाठ अमुक, निवड आमची. कोणाला विचारावयाचें असेल तर आम्ही आहों. लहियाचा दुसरा श्लोक त्यांनीं लिहिला नाहीं.

लहियाचें मात्र काय झालें? येथें मी आपणांस गोड बोलून फसविणार नाहीं. त्यांतले कांहीं छापखान्यांत खिळे जुळवूं लागले असतील, कांहीं शाळांत पंतोजी झाले असतील. बाकीचे कोठें गेले, याची कोणीं नोंद ठेविली नाहीं. नवें काम निर्माण झालें हें खरें. तें ज्याचें जुनें गेलें त्यालाच मिळालें, असें इतिहास सांगत नाहीं.

माझ्या स्वतःच्या घरांतली एक गोष्ट सांगतों. माझे आजोबा एका कचेरींत कारकून होते, आणि त्यांचें मोडी अक्षर पंचक्रोशींत वाखाणलें जाई. मुंबई इलाख्याच्या सरकारनें १९१७ सालीं कारभारांत मोडीऐवजीं बाळबोध लिपि आणण्याचें ठरविलें. पुढें टंकलेखन-यंत्रेंहि आलीं. आजोबा बाळबोध लिहूं लागले, नोकरी राहिली. पण ज्या हाताला लोक ओळखत तो हातच राहिला नाहीं. बाळबोध अक्षर त्यांचें शाळकरी पोरासारखें येई, आणि त्याची त्यांना लाज वाटे. घरचा जमाखर्च मात्र त्यांनीं अखेरच्या दिवसापर्यंत मोडींतच लिहिला. तो वाचणारें घरांत दुसरें कोणी नव्हतें. लहानपणीं मला हा हट्ट वाटे. आतां वाटतें, दिवसाकांठीं पाव घटका ते स्वतःला भेटत असावेत. ताहराबादचे महिपति, ज्यांच्यामुळें तुकोबांचें चरित्र आपल्या घरोघर पोंचलें, तेहि मूळचे कुळकर्णी. चाकरींत लेखणी झिजवावयाची नाहीं, असा निश्चय करून ते त्या कामांतून बाहेर पडले, असें सांगतात. तेवढें धैर्य सर्वांना शक्य नसतें. माझ्या आजोबांना पांच मुलें होतीं.

देहूच्या आसपासच्या मुलुखाला यंत्राची ओळख आज झालेली नाहीं. दुसऱ्या महायुद्धाच्या काळांत देहूरोडला लष्करी कोठारें आलीं. १९५४ सालीं पिंपरीस हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाली, १९६२ नंतर औद्योगिक महामंडळानें जमिनी घेतल्या, आणि पाहतां पाहतां शेतकऱ्यांची मुलें लेथ यंत्रावर उभीं राहिलीं. बजाज ऑटोनें २०१० च्या सुमारास कामगाराच्या शेजारीं उभे राहून जोडणी करणारे यंत्रहात आणले. संताजीच्या चाकणला आज ते रोजच्या पाहण्यांतले आहेत. तेव्हां हातानें काम करणाऱ्यास जो अनुभव पूर्वींच आला, तो लेखणीनें काम करणाऱ्यास २०२२ च्या अखेरीपासून येऊं लागला, इतकेंच. पण एक फरक आहे, आणि तो लहान नाहीं. यंत्रहातानें आवळलेल्या मळसूत्राखालीं कोणी आपलें नांव लिहीत नाहीं. पत्राखालीं लिहावें लागतें.

हें भाषेचें यंत्र कसें चालतें, तें थोडक्यांत सांगतों. माणसांनीं आजवर लिहिलेल्या मजकुराचा अफाट सांठा त्याला पढवितात. त्यावरून, अमुक शब्दांनंतर कोणता शब्द येणें अधिक संभवनीय, याचा हिशेब तें क्षणोक्षणीं करीत जातें. म्हणून त्याची भाषा नेहमीं ओळखीची वाटते. खरें आणि खऱ्यासारखें यांची निवड तें या हिशेबानेंच करतें. कराराचें नसलेलें कलम अशा हिशेबांतूनच जन्माला येतें. असंख्य लोक जें म्हणत आले त्याचा तो गाळीव अर्क आहे, आणि उपयोगहि त्याचा मोठा आहे. परंतु तेथें म्हणणारा नाहीं. तो अफवेचा 'म्हणे' आहे, फार सुशिक्षित झालेला. त्याच्याखालीं आपण सही केली म्हणजे तो साक्षीदाराचा 'म्हणे' होतो. आणि मग साक्ष आपणच द्यावयाची.

हें सगळें मीं भाच्याला एका रविवारीं सांगितलें. आम्ही पुन्हां देहूस गेलों होतों, आणि गाथा मंदिरांत हिंडत होतों. तेथें संगमरवरावर हजारों अभंग कोरलेले आहेत. अक्षर सर्वत्र एकसारखें, वळणदार. कोणता संताजीच्या वहींतला, कोणता नंतर कोणीं तरी घातलेला, हें अक्षरावरून सांगण्याची सोय नाहीं. तो बराच वेळ एका भिंतीपुढें उभा राहिला.

"म्हणजे मी यंत्र सोडून द्यावं, असं का तुमचं म्हणणं?" त्यानें विचारलें.

मीं म्हटलें, "गणपत कृष्णाजीनें यंत्र सोडलं का?"

तो हंसला. मग कांहीं आठवड्यांनीं त्याचें पत्र आलें. आतां तो यंत्र उघडण्यापूर्वीं काय सांगावयाचें आहे त्याच्या चार ओळी स्वतःच्या वहींत, स्वतःच्या मराठींत लिहितो. मग यंत्राचा मजकूर त्या चार ओळींशीं ताडून पाहतो. पहिले आठ-दहा दिवस त्या चार ओळीहि सुचेनात, असें त्यानें लिहिलें आहे. आतां सुचतात, मात्र वेळ लागतो. आठवड्याला जे पांच अहवाल त्याच्या नांवानें जातात त्यांपैकीं तीनच नीट ताडून होतात. तेव्हां उरलेल्या दोहोंखालीं माझें नांव घालूं नये, अथवा ते तपासावयास वेळ द्यावा, असा अर्ज त्यानें वरिष्ठांकडे केला आहे. त्या अर्जाचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.